दगडाची कमान आणि दगडावरची नावे



वैनगंगेच्या खोऱ्यात, भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यात आसगाव नावाचे गाव आहे. तेथील शाळेतल्या मुलामुलींसमोर कोणी ‘इंग्लंडच्या खेड्यातले चर्च’ हा विषय मांडला, तर मागच्या बाकावरून हमखास प्रश्न येईल : “आम्हाला त्याचे काय?”

प्रश्न अगदी रास्त आहे. या लेखात त्याचेच उत्तर शोधू या. इंग्लंडमधील खेड्यात बहुधा सर्वांत जुनी इमारत म्हणजे तेथले चर्च. आपल्याकडे तोच मान गावातील देवळाला, दर्ग्याला किंवा विहाराला असतो. अशी इमारत एका माणसाची नसते. पिढ्यान्‌पिढ्या लोक तिच्यात भर घालतात, ती पडली तर सावरतात, तिच्यावर आपली नावे कोरतात. म्हणून ती पुस्तकासारखी वाचता येते. मात्र हे वाचन दोन प्रकारांनी करावे लागते. पहिला प्रश्न विज्ञानाचा : एवढे जड दगड डोक्यावर तोलून ही इमारत उभी कशी राहिली? दुसरा इतिहासाचा : ती कोणाच्या पैशाने, कोणाच्या श्रमाने आणि कोणासाठी उभी राहिली? यांपैकी एकच प्रश्न विचारणाऱ्याचे वाचन अर्धे राहते.

हे वाचन शिकण्यासाठी इंग्लंडला जाण्याची गरज नाही. तेथील खेड्यांतल्या जुन्या चर्चच्या धर्तीवर बांधलेली एक इमारत आपल्या मुंबईत, कुलाब्याला उभी आहे. सर्व मुंबई तिला ‘अफगाण चर्च’ म्हणून ओळखते. तेथे जाण्यापूर्वी दगडाचा स्वभाव समजून घेऊ.

दगडाचा स्वभाव

दगड दाब उत्तम सोसतो, पण ताण सोसत नाही. एखाद्या चांगल्या दगडावर जेवढा दाब देता येईल, त्याच्या दहाव्या हिश्श्याएवढ्या ताणानेही तो सहसा तडकतो. या एका गुणदोषातून जगातील सगळे दगडी स्थापत्य घडले आहे.

दोन खांब उभे करा आणि त्यांवर दगडाची आडवी तुळई ठेवा. तुळईवर भार आला की ती मध्यभागी किंचित वाकते. डोळ्यांना दिसत नाही, पण वाकते. वाकताना तिचा वरचा भाग दाबला जातो आणि खालचा भाग ताणला जातो. लिहिण्याचे खोडरबर दोन बोटांत धरून वाकवून पाहा. बाहेरच्या फुगीर बाजूवर आधी रेघ काढून ठेवली असेल, तर ती लांबलेली दिसेल. दगडाला हा ताण झेपत नाही. म्हणून तुळई लांब झाली की खालच्या बाजूने तडकते.

अंबरनाथचे इ. स. १०६० चे शिवमंदिर पाहा, किंवा सिन्नरचे गोंदेश्वर. त्यांच्या सभामंडपांत खांब जवळजवळ का आहेत, याचे उत्तर येथे मिळते. आपल्या कारागिरांनी तुळईची मर्यादा ओळखली होती. मधली मोकळी जागा झाकण्यासाठी ते दगडाचा एकेक थर थोडाथोडा आत सरकवत नेत आणि वरती तोंड मिटवत. त्यातून सुंदर कोरीव छते निर्माण झाली. परंतु मोठा, मोकळा, खांबांविना असा गाळा या पद्धतीने साधत नाही.

कमानीची युक्ती

कमानीत युक्ती अशी की, दगडाला ताण येऊच द्यायचा नाही. पाचरीच्या आकाराचे दगड वर्तुळाच्या कडेने लावले, की प्रत्येक दगड खाली पडू पाहतो. पण खाली तो अरुंद आणि वर रुंद असल्यामुळे शेजारच्या दोन दगडांत अडकतो. तो पडू पाहतो तेवढा शेजाऱ्यांना अधिक दाबतो. म्हणजे सगळीकडे दाबच दाब, आणि दाब तर दगडाला मानवतो!

कमान बांधताना खाली लाकडाचा साचा उभारतात. दोन्ही बाजूंनी दगड रचत आणून शेवटी माथ्यावरचा कळीचा दगड बसवतात. तो बसेपर्यंत कमान साच्यावर विसंबलेली असते. तो बसल्यावर साचा काढला, तरी ती स्वतःच्या वजनाने उभी राहते.

कमानीला योग्य आकार कोणता? इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक याने १६७५ साली याचे उत्तर अक्षरांच्या कोड्यात छापले. उकल त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाली. उत्तर असे : साखळी दोन टोकांना धरून लोंबती सोडा. साखळीत फक्त ताण असतो. तिचा आकार जसाच्या तसा उलटा करा, म्हणजे फक्त दाब असलेली कमान मिळते. घरातील एखादी बारीक साखळी भिंतीवरच्या कागदासमोर लोंबती सोडून तिचा आकार गिरवा आणि कागद उलटा करा. कमान तुमच्यासमोर आहे.

परंतु ही युक्ती फुकटची नाही. कमान आपल्या पायांना बाहेरच्या बाजूला रेटते. हा रेटा कोणी सोसला नाही, तर पाय सरकतात, माथा खचतो आणि कमान कोसळते.

करून पाहा : एक जुने पोस्टकार्ड कमानीसारखे वाकवून दोन हलक्या वह्यांच्या मधे उभे करा. माथ्यावर बोटाने हळू दाबा. वह्या बाहेर सरकतील. आता प्रत्येक वहीवर जाड पुस्तक ठेवा आणि पुन्हा दाबा. या वेळी वह्या सहज सरकणार नाहीत. तुम्ही नुकत्याच टेकूच्या भिंती बांधल्या! चर्चच्या बाहेरच्या भिंतींना ठरावीक अंतरावर दगडी जाड टेकू दिसतात, ते याच कामासाठी.

टोकदार कमान का?

अर्धवर्तुळाकार कमानीत एक अडचण असते. तिची उंची रुंदीच्या निम्मी ठरलेली. गाळा ४ मीटर असेल, तर कमान २ मीटरच उंच होणार.

आता कागदावर ४ सेंटिमीटरची आडवी रेघ काढा. कंपासाचे टोक रेघेच्या डाव्या टोकावर ठेवून ४ सेंटिमीटर त्रिज्येचा कंस उजवीकडून वर काढा. मग उजव्या टोकावरून तसाच दुसरा कंस काढा. दोन्ही कंस वर जेथे मिळतात, तेथे टोक तयार होते. ही झाली टोकदार कमान. तिची दोन्ही मध्यबिंदूंची टोके आणि माथा मिळून समभुज त्रिकोण होतो. म्हणून तिची उंची रुंदीच्या ०.८६६ पट, म्हणजे सुमारे ३.४६ सेंटिमीटर भरते. कंसांचे मध्यबिंदू आणखी दूर नेले, तर कमान अधिक निमुळती व उंच होते. म्हणजे रुंदी तीच ठेवून उंची हवी तशी निवडण्याचे स्वातंत्र्य मिळाले.

या उंचीचा दुसरा फायदा रेट्यात आहे. कमानीवरील भार तिच्या रुंदीवर सारखा पसरला आहे असे मानले, तर बाहेरचा रेटा काढण्याचे सोपे सूत्र असे :

रेटा = (एकूण भार × रुंदी) ÷ (८ × उंची)

भार ४,००० किलोग्रॅम व रुंदी ४ मीटर धरू. उंची २ मीटर असता रेटा १,००० किलोग्रॅम-भार येतो. उंची ३.४६ मीटर असता तो सुमारे ५७८ येतो. भार तोच, गाळा तोच, पण रेटा निम्म्याच्या जवळ आला! म्हणून टेकू सडपातळ करता येतात आणि दोन टेकूंमधील भिंतीत उंच खिडक्या सोडता येतात. हा हिशेब ढोबळ आहे. प्रत्यक्षात कमानीचा आकार आणि भाराची वाटणी दोन्ही पाहावी लागतात. तरी तत्त्व हेच.

टोकदार कमान ही युरोपची एकट्याची मिरास नव्हे. कैरो येथील इब्न तुलूनच्या मशिदीत ती नवव्या शतकातच ओळीने उभी आहे. युरोपात तिचा सर्रास वापर बाराव्या शतकापासून सुरू झाला. महाराष्ट्रातही औरंगाबादचा, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचा बिबी का मकबरा पाहिलात, तर टोकदार कमानच तुमचे स्वागत करते.

इंग्लंडच्या खेड्यात

आता इंग्लंडच्या खेड्याकडे वळू. तेथे एका धर्मगुरूकडे सोपवलेल्या वस्तीला ‘पॅरिश’ म्हणतात. पॅरिशचे चर्च म्हणजे त्या वस्तीचे नामकरण, लग्न आणि दफन यांचे ठिकाण.

त्याचा नकाशा सोपा असतो. लोकांनी जमण्याचे लांबट मुख्य दालन म्हणजे ‘नेव्ह’. त्याच्या पूर्वेला वेदीचे लहान दालन, ते ‘चॅन्सेल’. दोहोंच्या मधे कमान. सभामंडप आणि गाभारा यांची आठवण होते ना? नेव्हच्या दोन्ही बाजूंना खांबांच्या ओळीपलीकडे अरुंद दालने असू शकतात. पश्चिमेला बहुधा घंटांचा मनोरा. इमारतीचा अक्ष पूर्व-पश्चिम असल्यामुळे होकायंत्र विसरलेल्या वाटसरूलाही चर्च पाहून दिशा कळते.

जुन्या रिवाजाप्रमाणे चॅन्सेलच्या दुरुस्तीची जबाबदारी धर्मगुरूची आणि नेव्हची गावकऱ्यांची असे. त्यामुळे कोठे नेव्ह भव्य आणि चॅन्सेल साधे, तर कोठे याच्या उलट दिसते. खर्च कोणी केला, हे इमारतच सांगते.

कालखंडही कमानींवरून ओळखतात. ११व्या-१२व्या शतकांतील नॉर्मन काळाच्या कमानी गोल आणि भिंती जाड. १२व्या शतकाच्या अखेरीपासून साध्या, उंच, भाल्याच्या पात्यासारख्या टोकदार खिडक्या. त्यानंतर खिडक्यांत दगडी वेलबुट्टी आली आणि १४व्या शतकाच्या उत्तरार्धापासून सरळ उभ्या दगडी पट्ट्यांच्या रुंद खिडक्या. टोकदार कमानींच्या या तीन शैलींची आज रूढ असलेली नावे थॉमस रिकमन याने १८१७ साली आपल्या पुस्तकात सुचवली. एकाच चर्चमध्ये चारही काळ शेजारी शेजारी भेटू शकतात. कोठे काम मधेच थांबलेले दिसते. १३४८ साली प्लेगची साथ इंग्लंडमध्ये शिरली आणि दोन वर्षांत लोकसंख्येचा तिसरा हिस्सा किंवा त्याहूनही अधिक लोक मेले. गवंडीच उरले नाहीत, तर भिंत कोण चढवणार?

दोन उदाहरणे पाहा. डरहम परगण्यातील एस्कम या खेड्यातले चर्च सातव्या शतकाच्या उत्तरार्धातले. ते बांधणाऱ्यांनी जवळच्या ओसाड रोमन किल्ल्याचे दगड आणले. त्यांपैकी एका दगडावर रोमनांच्या सहाव्या पलटणीचे नाव कोरलेले आहे आणि तो दगड भिंतीत उलटा बसवलेला आहे! बांधणाऱ्याच्या लेखी ते नाव नव्हते; तो फक्त एक चांगला घडीव दगड होता.

दुसरे उदाहरण सफोक परगण्यातील लॅव्हनमचे. हे गाव लोकरीच्या कापडावर श्रीमंत झाले. तेथील भव्य चर्चला पैसा पुरवला तो ऑक्सफर्डच्या अर्लने आणि कापडाचे व्यापारी स्प्रिंग घराण्याने. दोघांचीही कुलचिन्हे मनोऱ्यावर आहेत. सूत कातणाऱ्या आणि माग चालवणाऱ्या हातांचे चिन्ह तेथे शोधू नका. सामान्य माणसाचे नाव चर्चमध्ये आले ते दगडावर नव्हे, तर कागदावर. १५३८ साली राजा आठव्या हेन्रीच्या कारभाऱ्याने, थॉमस क्रॉमवेलने, प्रत्येक पॅरिशला नामकरण, लग्न आणि दफन यांची नोंदवही ठेवण्याचा हुकूम दिला. शेतमजुराच्या मुलीचे नाव चारशे वर्षांनंतर सापडते, ते अशा वहीत.

कुलाब्याचे चर्च

१८३९ साली केंब्रिज विद्यापीठातील काही तरुणांनी चर्चच्या स्थापत्याचा अभ्यास करणारी संस्था स्थापन केली. नवी चर्चे बांधताना मध्ययुगातील टोकदार कमानींच्या शैलीकडे, विशेषतः खेड्यातल्या जुन्या चर्चकडे आदर्श म्हणून पाहावे, असा या विचाराच्या लोकांचा आग्रह होता. इंग्रजी सत्तेबरोबर हा विचार वसाहतींतही पोहोचला.

त्याच सुमारास इंग्रजांनी अफगाणिस्तानावर स्वारी केली. आपल्या मर्जीतला राजा काबूलच्या गादीवर बसवावा, हा हेतू. १८३९ साली मुंबई आणि बंगाल या दोन्ही इलाख्यांच्या फौजा सिंध व बोलन खिंडीच्या वाटेने गेल्या. मुंबई लष्करात कोकण आणि देशावरील मराठी शिपाई मोठ्या संख्येने होते. गझनी पडले, काबूल हाती आले. पण ते राखता आले नाही. जानेवारी १८४२ मध्ये बर्फातून माघार घेणारी काबूलची फौज जवळजवळ संपूर्ण नष्ट झाली. तिच्यात सुमारे साडेचार हजार सैनिक आणि बारा हजारांच्या आसपास छावणीतले सेवक व कुटुंबीय होते. या माघारी फौजेत बंगाल लष्कराचे लोक बहुसंख्य होते. पण सिंध आणि अफगाणिस्तानातील मोहिमांत मुंबई लष्करानेही लढाईत आणि रोगराईत माणसे गमावली. पराभवातून मिळवले काहीच नाही. १८४३ साली पूर्वीचा अमीर दोस्त महंमद पुन्हा काबूलच्या गादीवर बसला.

या मृतांचे स्मारक म्हणून कुलाब्याला चर्च बांधायचे ठरले. ४ डिसेंबर १८४७ रोजी पायाचा दगड बसवण्यात आला आणि ७ जानेवारी १८५८ रोजी चर्च उपासनेसाठी खुले झाले. आराखडा हेन्री कोनीबेअर या इंजिनियराचा. मुंबईला नळाचे पाणी पुरवणाऱ्या विहार तलावाच्या योजनेमागेही हाच माणूस होता. एकाच इंजिनियराने शहराला धरणही दिले आणि कमानीही दिल्या!

या चर्चसमोर उभे राहा आणि आतापर्यंतचे धडे आठवा. खिडक्या साध्या, उंच, भाल्याच्या पात्यासारख्या. म्हणजे नमुना तेराव्या शतकाचा. बाहेरच्या भिंतींना टेकू. आत लांब नेव्ह, दोन्ही बाजूंना टोकदार कमानींच्या ओळी, पूर्वेला चॅन्सेल. रंगीत काचा इंग्लंडमधील विल्यम वेल्स याच्या कारखान्यातून आल्या. आतील सजावटीचे काही आराखडे विल्यम बटरफील्ड या नामांकित स्थापत्यकाराचे. पण दगड मात्र येथलाच. पिवळसर छटेचा बेसाल्ट आणि चुनखडक. नमुना इंग्लंडचा, अंगाचा रंग मुंबईचा.

रंगीत काचांचेही दोन देशांत दोन अर्थ होतात. इंग्लंडच्या ढगाळ हवेत उंच खिडक्या हव्यात, त्या मंद उजेड आत घेण्यासाठी. कुलाब्याच्या कडक उन्हात त्याच काचा प्रकाश गाळून सौम्य करतात. उतरते छप्पर तेथे बर्फ आणि पाऊस झटकते, येथे मोसमी पावसाच्या धारा.

मनोऱ्याचे निमुळते टोक मात्र मागाहून, १८६५ च्या जूनमध्ये पूर्ण झाले. त्याच्या खर्चाला कावसजी जहांगीर रेडिमनी या पारशी दानशूरानेही हातभार लावला. मनोऱ्याची उंची १९८ फूट, म्हणजे सुमारे ६० मीटर. वीस मजली इमारतीएवढी. समुद्रावरील जहाजांना तो दुरून दिसे. १९०४ साली इंग्लंडहून आणलेल्या आठ घंटा त्यात चढवण्यात आल्या. एवढे वजन वर कशाला, असे वाटेल. पण मनोऱ्यावरचे वजन सरळ खाली दाबते आणि वाऱ्याचा आडवा रेटा पायाच्या बाहेर पडू देत नाही. रिकामी बाटली फुंकरीने पडते, पाण्याने भरलेली पडत नाही, तसेच हे.

नावे कोणाची?

आता दुसरे वाचन. चॅन्सेलच्या भिंतींवर संगमरवरी फलक आहेत. त्यांवर मोहिमेत मेलेल्या अधिकाऱ्यांची नावे ओळीने कोरली आहेत. त्यांच्याबरोबर एक लेख आहे. त्याचा आशय असा की, हे चर्च वर नावे असलेल्या अधिकाऱ्यांच्या आणि त्यांच्याबरोबर मृत्यू पावलेल्या कनिष्ठ हुद्द्यांच्या व साध्या शिपायांच्या स्मरणार्थ आहे. शिपायांची संख्या एवढी मोठी आहे की, त्यांची नावे अशी नोंदवता आली नाहीत.

हे वाक्य दोनदा वाचण्यासारखे आहे. ज्यांची माणसे थोडी मेली, त्यांची नावे आहेत. ज्यांची जास्त मेली, त्यांची नाहीत, आणि कारण हेच की ती जास्त होती! छावणीत ओझी वाहणारे, उंट हाकणारे, स्वयंपाक करणारे जे हजारो लोक गेले, त्यांचा तर त्या लेखात उल्लेखही नाही.

त्या काळी तशी रीतच होती, असे कोणी म्हणेल. पण त्याच सरकारने पुण्याजवळ भीमा कोरेगाव येथे, १८१८ च्या लढाईचा स्तंभ १८२१ पासून बांधला, तेव्हा त्यावर साध्या देशी शिपायांची नावे कोरली. त्यांत ‘नाक’ या शब्दाने संपणारी महार शिपायांची नावे आजही वाचता येतात. तेथे मृतांची संख्या लहान होती, हे खरे. तरीही शिपायाचे नाव दगडावर येऊ शकत होते, एवढे त्यावरून सिद्ध होते. म्हणून कुलाब्याच्या फलकावर गाळलेली जागा हाही पुरावाच मानला पाहिजे.

आता पुन्हा पवनीला येऊ. तेथील जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांच्या नेतृत्वाखाली उत्खनन केले. टेकडीखाली सुमारे ३८ मीटर व्यासाचा बौद्ध स्तूप निघाला. तोही एका दमात बांधलेला नव्हता. वेगवेगळ्या काळांत त्यात भर पडत गेली होती. स्तूपाभोवतीच्या दगडी कठड्यांवर ब्राह्मी लिपीतील प्राकृत लेख आहेत. त्यांत दान देणाऱ्यांची नावे आहेत. म्हणजे कोणी एक खांब दिला, कोणी एक आडवा दगड दिला, आणि आपले नाव त्यावर ठेवले. दोन हजार वर्षांपूर्वी वैनगंगेकाठी, एका वास्तूचे अनेक लहान वाटे करून अनेकांना दगडावर जागा मिळाली. एका चर्चसाठी सरकारने आणि मोठ्यांनी पैसा उभा केला, तेव्हा दगडावर जागा हुद्द्याप्रमाणे वाटली गेली.

यात एक धर्म चांगला आणि दुसरा वाईट असा निष्कर्ष काढू नका. लॅव्हनमच्या विणकरांप्रमाणे आपल्याकडेही देवळे घडवणाऱ्या पाथरवटांची नावे बहुतेक ठिकाणी हरवलेली आहेत. प्रश्न प्रत्येक इमारतीला विचारायचा असतो : जागा कोणाला मिळाली आणि कोणाला नाही?

तुमच्या गावात करून पाहा

आता मागच्या बाकावरच्या प्रश्नाचे उत्तर तुम्हीच द्या. गावातील सर्वांत जुनी इमारत निवडा. तेथील पुजारी, विश्वस्त किंवा मुजावर यांची परवानगी घ्या. कोणताही दगड खरवडू नका, त्यावर खडूने लिहू नका. शिक्षकांनी चार-चार जणांचे गट पाडावेत आणि प्रत्येक गटाला एक काम द्यावे.

१. दिशा : होकायंत्राने दाराचे तोंड कोणत्या दिशेला आहे ते नोंदवा. दार बरोबर पूर्वेला नसेल, तर कितीने ढळले आहे?

२. गाळा : दोन खांबांमधील अंतर मोजा. वर तुळई आहे, सरकत्या थरांचे छत आहे की कमान? कमान असेल, तर तिची उंची आणि रुंदी यांचे गुणोत्तर काढा. ०.५ आले तर ती अर्धवर्तुळाकार, ०.८६६ च्या जवळ आले तर समभुज त्रिकोणावरची टोकदार. पुष्कळदा उत्तर या दोहोंच्या मधले येईल. ते जसे येईल तसेच लिहा.

३. उंची : एक मीटरची काठी उन्हात उभी करा आणि तिची सावली मोजा. त्याच वेळी शिखराच्या सावलीची लांबी मोजा. काठीची सावली ०.८ मीटर आणि शिखराची ९.६ मीटर असेल, तर उंची ९.६ ÷ ०.८ = १२ मीटर. मात्र शिखराची सावली इमारतीच्या भिंतीपासून नव्हे, तर शिखराच्या बरोबर खालच्या बिंदूपासून धरायची. म्हणून आतले अंतर त्यात मिळवण्यास विसरू नका.

४. जोड : दगडाचा रंग, घडाई किंवा चुना कोठे बदलतो ते शोधा. तेथे बहुधा दुरुस्ती किंवा वाढ झालेली असते. एखादा दगड दुसऱ्या इमारतीचा असेल का? एस्कमचा उलटा दगड आठवा.

५. नावे : पायरीवर, घंटेवर, फरशीवर, देणगीच्या पाटीवर असलेले प्रत्येक नाव आणि साल उतरून घ्या. मग गावातील वडीलधाऱ्यांना विचारा : दगड कोठून आणला? गाडीवान कोण होते? गवंडी कोठले? चुना कोणी मळला? पाणी कोणी वाहिले? त्यांनी सांगितलेली नावे वेगळ्या पानावर लिहा. कोणी सांगितले आणि केव्हा सांगितले, हेही लिहा. त्याशिवाय ती नोंद पुरावा ठरत नाही.

पहिल्या चार कामांतून इमारत कशी उभी आहे, ते कळेल. पाचव्यातून ती कोणामुळे उभी आहे, ते कळेल. दगडावर ज्यांना जागा मिळाली नाही, त्यांच्यासाठी तुमच्या वहीत पाने पुष्कळ आहेत. इंग्लंडच्या पॅरिशांनी १५३८ पासून अशा वह्या ठेवल्या, म्हणून तेथल्या शेतमजुराचा वंशज आपल्या पूर्वजाचे नाव वाचू शकतो. तुमच्या गावातील गवंड्याच्या नातीला तिच्या आजोबांचे नाव वाचता यावे, अशी वही यंदा तुमच्या वर्गाने सुरू करावी. ती शाळेच्या ग्रंथालयात ठेवा, आणि पुढच्या वर्षीच्या वर्गाकडे सोपवा.